पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

आमच्या शाळेचा नळ चालतो की नाही, हे दिल्लीला जाणून घ्यायचं असतं असं मला कळलं तेव्हा मी मोठ्यानं हसले. हेडमास्तरीणबाई माझी थट्टा करताहेत असंच वाटलं.

आनेकल गावाच्या टोकाला आमची सरकारी कन्नड शाळा आहे. चार खोल्या, पुढं करंजाचं झाड, मागं स्वयंपाकाची शेड. माझी धाकटी मुलगी तिथं तिसरीत, आणि मी पालकांच्या समितीची अध्यक्ष. त्या दिवशी ऑफिसात बाई संगणकासमोर बसून फॉर्म भरत होत्या आणि मी सही करायला म्हणून बाकावर टेकले होते. बाई एकेक प्रश्न वाचत होत्या. पिण्याचं पाणी आहे का. हात धुवायला साबण आहे का. मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे का, आणि असल्यास वापरता येतं का. पायऱ्यांशेजारी उतार आहे का, उताराला कठडा आहे का.

"हे कोण विचारतंय?" मी म्हटलं.

"दिल्ली."

"शाळा तर कर्नाटक सरकारची."

"शाळा इथलीच, अक्का. आमचे पगार, बदल्या, सगळं इथलं. पण मोजदाद दिल्ली करते. देशातल्या प्रत्येक शाळेची. हाच फॉर्म, हेच प्रश्न."

"काश्मीरच्या शाळेलाही?"

"काश्मीरच्याही आणि अंदमानच्याही."

"त्यांनाही कठड्याचं विचारतात?"

"त्यांनाही विचारतात. आता स्वल्प थांबा, मी कडी बघून येते." आणि बाई उठून खरोखरच मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेल्या. दाराची कडी लागते का ते लावून बघितलं, परत आल्या आणि 'हो' भरलं.

ते दार माझ्या वखारीतलं. पाडलेल्या घरांची दारं, चौकटी, खिडक्या विकत घ्यायच्या आणि नवी घरं बांधणाऱ्यांना विकायच्या, हा माझा धंदा. बेंगळुरात बसवनगुडीला पाडलेल्या एका जुन्या बंगल्याचं सागवानी दार मी शाळेला दिलं होतं आणि कडी स्वतः उभी राहून बसवून घेतली होती. त्या कडीची खबर दिल्लीपर्यंत जाणार, ह्या विचारानं मला त्या दिवशी जेवण सुचेना. कुणी काही विचारलं की ह्याला काय हवंय हे मी आधी शोधते. तीस वर्षं त्याच्यावरच माझं पोट आहे. दिल्लीला काय हवंय ते मला काही केल्या सापडलं नाही. तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं.

मग बाईंनी मला मुलांची यादी दाखवली. प्रत्येक मुलापुढं एक लांबलचक आकडा. पहिलीत आलं की मुलाला तो आकडा मिळतो आणि शाळा बदलली, गाव बदललं, राज्य बदललं तरी आकडा तोच राहतो. माझ्या मुलीचाही होता. मी तो बोटानं वाचला. दात पडलेली, शेंबडी, मला उलट बोलणारी माझी पोरगी, आणि तिचा एक आकडा दिल्लीत कुठंतरी जागा धरून बसलेला.

"आणि एखादं मूल शाळा सोडून गेलं तर?"

"तर आम्ही त्याला इथून मोकळं करतो. मग त्याचा आकडा एका पेटीत पडतो. पेटी म्हणजे खरी पेटी नव्हे, संगणकातली. नव्या शाळेनं तो आकडा आणि जन्मतारीख टाकली की मूल पेटीतून उचललं जातं."

"आणि कुणीच उचललं नाही तर?"

"तर नाव पेटीतच राहतं. मग तालुक्याहून विचारणा सुरू होते. हे मूल कुठंय? कुणी बघितलं का? का शिकत नाही?"

मी उठून बाहेर गेले आणि झाडाखाली जरा वेळ उभी राहिले. माझी विचारणा कुणी केली नव्हती.

ते सांगायला हवं. मी ह्याच शाळेत शिकले. आमचं घराणं कर्नाटकात किती पिढ्यांपासून आहे ते आम्हालाही ठाऊक नाही. घरात मराठी, पण अशी की माझ्या थोरल्या मुलाच्या बेंगळुरातल्या, एचएसआर लेआउटमधल्या पुणेरी शेजाऱ्यांना ती ऐकून गंमत वाटते. मी पाचवीत असताना दसऱ्यानंतर अप्पांना होसकोट्याला काम लागलं आणि आम्ही घर हलवलं. नव्या शाळेनं दाखला मागितला. अप्पा दाखला आणायला आनेकलला आले. त्या वेळचे हेडमास्तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात या. अप्पा पुढच्या आठवड्यात गेले. पुन्हा पुढचा आठवडा. तीन वेळा दिवस बुडाला, चौथ्यांदा अप्पा गेले नाहीत. दाखला नाही म्हणून नव्या शाळेनं मला बाकावर बसवून घेतलं नाही. घरी बसून काय करणार, म्हणून शेजारच्या वखारीत मोडक्या दारांच्या बिजागऱ्या निवडायला मी जाऊ लागले. गंजलेल्या एकीकडे, चालणाऱ्या एकीकडे. तिथून पुढं मी जे काही झाले ते झाले. मराठी वाचायलासुद्धा लग्नानंतर सासूबाईंकडून शिकले.

त्या हेडमास्तरांवरचा राग मी कधी सोडला नाही. आम्ही मराठी म्हणून त्यांनी केलं, अप्पांनी हात जोडले नाहीत म्हणून केलं, असं मी कित्येक वर्षं धरून चालले. थोरला म्हणतो, "आई, तुला परवडतं, धाकटीला बसवाल्या खासगी शाळेत घाल." मी त्याला सांगते, ह्या शाळेनं मला बाहेर ठेवलं, आता मी तिच्यात आत बसणार आहे. तो म्हणतो, "ह्याला हट्ट म्हणतात." असेल.

तर गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. चौथीतल्या एका मुलीचे आईबाप रायचूरकडचे, बांधकामावर सेंटरिंगच्या कामाला आलेले. इथलं काम संपलं आणि ते देवनहळ्ळीकडे गेले, जिथं शेतं मोडून घरांचे लेआउट पाडताहेत. जाताना मुलीला घेऊन गेले. दोन दिवसांनी बापाचा फोन आला, दाखला पाहिजे.

नेमकी तेव्हा आमची पटसंख्या काठावर होती. एक मूल कमी झालं की तिसऱ्या शिक्षकाची दुसरीकडे बदली होणार होती. तिसरे शिक्षक म्हणजे गणिताचे सर. माझ्या मुलीला पाढे म्हणताना हसू येतं ते त्यांच्यामुळं. मोजणीची तारीख महिन्यावर आली होती.

मी बाईंना म्हटलं, "एवढी तारीख जाऊ द्या. मग मोकळी करा."

"अक्का, मूल तिकडं, नाव इकडं, असं चालत नाही."

"महिनाभर आजारी आहे म्हणा."

"मी नाही म्हणणार."

"मग काहीच म्हणू नका. बापाशी मी बोलते." बाई नवीन होत्या, समितीशी भांडून त्यांना शाळा चालवायची नव्हती. हे मला माहीत होतं आणि मी ते वापरलं. बापाचा फोन आला की मी घ्यायची. गोड बोलायची. मेडम मीटिंगला गेल्यात. संगणक बंद आहे. पुढच्या आठवड्यात बघू.

हो, हेच शब्द. माझ्याच तोंडून गेले आणि मला ऐकू आले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून बाईंना फोन आला. देवनहळ्ळीच्या एका शाळेत अमुक आकड्याची मुलगी बसते आहे, नाव चढत नाही, कारण ती तुमच्याकडे आहे. ती तुमच्याकडे आहे का?

बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"चुगली कुणी केली?" मी भडकले. "त्या बापानं?"

"कुणीही नाही. तिथल्या सरांनी आकडा टाकला. संगणकानं सांगितलं, ही मुलगी आनेकलमध्ये आहे."

"दिल्लीला एवढं कळतं?"

"दिल्लीला काही कळत नाही, अक्का. ती फक्त एका मुलीला दोन शाळांत बसू देत नाही."

मला राग आला होता, पण रागाच्या खाली दुसरंच काही हललं होतं. कोट्यवधी मुलं. त्यांतली एक, सेंटरिंगवाल्याची, आनेकलच्या पटावर बसून देवनहळ्ळीच्या बाकावर बसायला गेली, आणि कुठंतरी अडलं. मी पिनभर हलवलेलं कुणाला तरी दिसलं होतं.

तरी मी हरायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी बेंगळुरात मेजेस्टिकच्या स्टँडवर बस बदलून देवनहळ्ळीला गेले. बापाला माझ्या वखारीत काम आणि मागची खोली देऊ करायची, मुलीला परत आणायचं, असं ठरवून. सौद्यात समोरच्याला घर दाखवलं की तो निम्मा आपलाच होतो.

पत्र्याच्या वसाहतीत मुलीची आई सापडली. डोक्यावर विटा वाहायचं फडकं तसंच. बाप कामावर होता. मी माझं सगळं मांडलं. खोली, पाणी, माझ्या मुलीसारखी सांभाळीन, वगैरे. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्हीच का त्या फोनवरच्या अक्का?"

"हो."

"पुढच्या आठवड्यातवाल्या?"

मी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"तुमची दारं विका तुम्ही, अक्का. माझी पोरगी काय चौकट आहे, पडून राहायला?" आवाज चढवला नाही तिनं. "शाळेत जाऊन बघा. तिथं बसलीय ती. बघा कशी बसलीय."

मी गेले. शाळा आमच्यापेक्षा मोठी, वर्गाच्या भिंतींवर नकाशे. हेडमास्तर साठीला आलेले, दाढी पांढरी. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी चहा मागवला, म्हणजे मला अजून लाज वाटावी. मुलगी शेवटच्या रांगेत बसली होती. शेजारणीच्या पुस्तकात बघत होती, पुस्तक दोघींच्या मध्ये उघडं.

"पुस्तकं नाहीत तिला?" मी विचारलं.

"पुस्तकं नावावर येतात. नाव तुमच्याकडे आहे." त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडून दाखवलं. सगळी नावं निळ्या शाईनं. सगळ्यात खाली तिचं, पेन्सिलीनं. फिकट, पण सुरेख अक्षरात. "कायदा म्हणतो, दाखला नसला तरी मुलाला बसवून घ्या. म्हणून बसवलंय. जेवायलाही वाढतो. पण रोज ही ओळ आली की माझा हात अडतो. शाईनं लिहिता येत नाही."

मुलीनं मला ओळखलं. धावत आली. "अक्का, माझी पुस्तकं आणलीत?"

मी हातातली पिशवी मागं घेतली. तिच्यात तिच्या बापासाठी खोलीची किल्ली होती.

"आणते," मी म्हटलं.

"पुढच्या आठवड्यात?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. आईबापांच्या तोंडून ऐकलेलं ती सहज बोलली. पण हेडमास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

निघताना ते म्हणाले, "तुम्ही काही नवीन केलेलं नाही. मी तरुण होतो तेव्हा सगळीकडे हेच चालायचं. शिक्षक जाऊ नये म्हणून गेलेल्या मुलांची नावं तशीच ठेवायचे. वर्षभर हजेरीही लावायचे. दाखला द्यायचाच नाही, म्हणजे नाव कमी करावं लागत नाही. तेव्हा ह्या शाळेतलं त्या शाळेला कळत नसे. ते मूल कुठं गेलं, हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. आता कळतं."

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती, पण मी बाहेर काही बघितल्याचं आठवत नाही.

सकाळी शाळा उघडायच्या आधी मी दारात होते. बाईंना म्हटलं, "मागच्या खोलीतली लोखंडी पेटी उघडायची आहे."

"मुलीला मोकळं करायचं का आधी?"

"करायचं. पण ही उघडा आधी."

पेटीत झुरळांनी खाल्लेली जुनी हजेरीपुस्तकं होती, दोऱ्यानं बांधलेली. बाईंनी पदर खोचला आणि गठ्ठे सोडले. माझ्या पाचवीच्या वर्षाचं पुस्तक सापडायला तासभर गेला. माझं नाव सोळावं. जूनपासून खुणा. दसऱ्यापर्यंत मधूनमधून गैरहजर, कारण मला ताप यायचा. दसऱ्यानंतर मात्र मी एकदाही गैरहजर नव्हते. नोव्हेंबर हजर. डिसेंबर हजर. मी होसकोट्याला बिजागऱ्या निवडत होते आणि इथं रोज सकाळी कुणीतरी माझ्या नावापुढं खूण करत होतं. मार्चपर्यंत. इतकी हुशार आणि नियमित मुलगी मी कधीच नव्हते.

बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "पटसंख्या," त्या हळूच म्हणाल्या. "त्या पानावर खाली बघा. चाळीस. शिक्षक टिकवायला चाळीस लागत असतील. तुम्हाला वगळलं तर एकच कमी."

मग कारण आमचं मराठी असणं नव्हतं, अप्पांचे न जोडलेले हातही नव्हते. एका शाळेला एक शिक्षक टिकवायचा होता. मी इतकी वर्षं ज्या माणसावर दात खात होते तो माझ्यासारखाच गोड बोलला असणार. संगणक बंद आहे, एवढं तेव्हा म्हणता येत नव्हतं, इतकाच फरक.

त्याला मी माफ केलं असं नाही. अजूनही केलेलं नाही. पण त्या पानाकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, ही दिल्लीची पेटी तेव्हा असती तर मी तिच्यात पडले असते. आणि कुणीतरी, कदाचित सहा महिन्यांनी, कदाचित कंटाळून, विचारलं असतं, ही मुलगी कुठंय? माणसाला एवढं सुद्धा किती वाटू शकतं, हे मला त्या पेटीसमोर उकिडवं बसून कळलं. इतक्या लांब बसलेलं, मला न ओळखणारं, मला काही न विकणारं कुणीतरी.

"मोकळं करा तिला," मी म्हटलं.

"गणिताचे सर जातील."

"माहीत आहे."

ते गेलेही, नंतरच्या बदल्यांत. मी तालुक्याच्या ऑफिसात जाऊन भांडले, टेबलावर हात आपटला, काही उपयोग झाला नाही. दिल्लीनं कठड्याचं विचारलं, कडीचं विचारलं, पण एका मुलीपायी सर का हलवता, हे विचारायला ती कुठं दिसली नाही. त्याचा राग माझ्या मनात आहे आणि राहील. धाकटी आता पाढे म्हणताना हसत नाही.

पण त्या सकाळी बाईंनी संगणक लावला, मुलीचं नाव काढलं, कारणाच्या चौकटीत 'दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत' असं निवडलं. एक कळ दाबली. आमच्या यादीतून ओळ गेली. मागं काहीच राहिलं नाही, पांढरी जागासुद्धा नाही, खालची नावं वर सरकली.

"आता ती कुठंही नाही?" मी विचारलं.

"आता ती पेटीत आहे. तिथल्या सरांना फोन लावा."

मी लावला. पलीकडं वर्गाचा गोंगाट, खडूचा आवाज. हेडमास्तर कन्नडमध्ये "सरी," म्हणजे बरं, म्हणाले, "थांबा." आकडे हळूहळू पुटपुटत टाकताना ऐकू आले. मग जन्मतारीख. मग काहीच नाही. मला वाटलं, हरवली. बाईंनी खुर्ची फोनाजवळ ओढली. हातात मी अजून ते जुनं हजेरीपुस्तक धरलं होतं, बोट सोळाव्या ओळीवर.

"आली," ते म्हणाले. "नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, सगळं आलं. अगदी तुमच्याकडची उंचीसुद्धा." त्यांना हसू आलं. "वाढलीय तेव्हापासून." आणि मग ते माझ्याशी बोलायचं विसरले, कारण फोन टेबलावर ठेवून त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक उत्तर, कुणी झोपेत, कुणी ओरडून. मी ठेवला नाही फोन. बाईंनीही ठेवू दिला नाही. शेवटी तिचं नाव आलं. मध्ये जरा थांबले ते. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज मला ऐकू आला, किंवा तसं वाटलं.

"प्रेझेंट, सर," ती म्हणाली.